दारं वाहून नेणाऱ्या बायका

खालच्या आजी वाचनालयाचं पत्रक घेऊन वर आल्या तेव्हा माझी मीटिंग चालू होती. मी हेडफोन काढून दार उघडलं. त्यांनी पत्रक माझ्या नाकासमोर धरलं आणि त्यावर अंगठा दाबला. अंगठ्याखाली वाचनालयाचा फोन नंबर होता.

"पाचवा," त्या म्हणाल्या. "पाचवा सिनेमा बघ. माझी आई आहे त्यात."

माझी मुलगी लहान होती तेव्हा त्यांना 'खालची आजी' म्हणायची. मुलगी कॉलेजसाठी दुसऱ्या राज्यात गेली, नाव मागे राहिलं. आजी सत्त्याहत्तर वर्षांच्या. पस्तीस वर्षांपूर्वी युक्रेनमधून शिकागोला आल्या, आणि डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या साडीच्या दुकानांसाठी ब्लाउज शिवून त्यांनी घर चालवलं. आमच्या भागातल्या निम्म्या मराठी आणि गुजराती बायकांची मापं त्यांना पाठ आहेत. कोणाची किती वाढली हेही. मागची चार वर्षं शिवण बंद आहे, कारण दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडलाय. कडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. माझ्याकडे बघताना त्या माझ्या कानाकडे बघतात, म्हणजे मग त्यांना माझं नाक दिसतं.

पत्रक मी नीट वाचलं. युक्रेन आणि रशिया यांच्या इतिहासावरचे सहा सिनेमे, दर शनिवारी दुपारी दोन वाजता, तळघरातला हॉल, प्रवेश मोफत, कॉफी मिळेल. पाचवा सिनेमा जुना, सोव्हिएत काळातला. नीपर नदीवर धरण बांधलं त्याबद्दलचा माहितीपट.

"तुमची आई नटी होती?" मी विचारलं.

"माझी आई गाईंच्या गोठ्यात होती," त्या म्हणाल्या. "बस, इंजिनियर. सांगते."

त्या मला इंजिनियर म्हणतात, त्यात थोडा टोमणा असतो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधते. त्यांच्या मते हे काम नव्हे, हा स्वभाव आहे.

त्यांचं गाव धरणाच्या पाण्यात जाणार होतं. त्या तेव्हा सात वर्षांच्या. गाव उठायच्या आधी सिनेमावाले आले, ट्रकमधून उतरले आणि पहाटेच्या धुक्यात बायका घरांची दारं पाठीवर घेऊन नव्या वस्तीकडे चालल्यात असं त्यांनी चित्रित केलं. दारं बायका खरोखरच नेत होत्या, फक्त पहाटे नव्हे आणि ओळीने नव्हे. सगळ्यांना बजावलं होतं, कॅमेऱ्याकडे बघायचं नाही. "माझ्या आईने बघितलं," आजी म्हणाल्या. "एकटीने. सरळ." दोन वर्षांनी नव्या वस्तीतल्या क्लबात तो सिनेमा दाखवला तेव्हा त्यांनी तो एकदा पाहिला होता. त्यानंतर कधीच नाही. आईचे दोन फोटो होते, ते भावाकडे राहिले, आणि भावाचं घर या युद्धात गेलं. म्हणजे आता जगात त्यांच्या आईचा चेहरा एकाच ठिकाणी होता, आणि तोही कोणी जपून ठेवला असेल तर.

"दुसऱ्या कोणत्याही बाईला सांगितलं असतं तर तिने विचारलं असतं, दारं कशाला न्यायची," त्या म्हणाल्या. "तू विचारलं नाहीस."

मला विचारायची गरज नव्हती. आमच्या आजोळच्या बाजूला धरण झालं तेव्हा लोकांनी चौकटी, वासे, कौलं सगळं बैलगाडीत घालून नेलं होतं. भिंत बुडाली तर बुडू दे, सागवानी दार कोण पाण्यात टाकतं?

मी मीटिंगमध्ये परत गेले. पण मनात ठरवून टाकलं, की या बाईला हा सिनेमा दाखवायचा. दिसत नसलेल्या माणसाला सिनेमा कसा दाखवायचा, ते नंतर बघू.

*

त्या हिवाळ्यातले शनिवार आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेलेत. मी स्वप्नं बघणारी बाई नाही. दहाला झोपते, सहाला उठते, मधलं काही आठवत नाही. पण त्या दुपारी मी जागेपणी कुठेतरी जाऊन येत होते, हे कबूल करायला हवं.

हॉल तळघरात असल्यामुळे त्याच्या खिडक्या छताला टेकलेल्या होत्या आणि बाहेरच्या फुटपाथच्या पातळीवर उघडत होत्या. पडदे लावले तरी वर एक फट राहायची. त्या फटीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बूट दिसत. पडद्यावर बर्फातून घोडे चाललेले असत, आणि त्यांच्या वर, खऱ्या बर्फातून, कोणाचे तरी काळे बूट सावकाश डावीकडून उजवीकडे जात. रेडिएटर फुसफुसत असे. ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास येई. काही वेळाने कोणता बर्फ आतला आणि कोणता बाहेरचा, हे कळेनासं व्हायचं.

पहिला सिनेमा भुकेचा होता. म्हाताऱ्या बाया टेबलाशी बसून बोलत होत्या आणि बोलताना टेबलक्लॉथवरून हात फिरवत होत्या, तिथे सांडलेलं काही गोळा करत असल्यासारख्या. मी आजींच्या कानाशी 'दुष्काळ' असं पुटपुटले तर आजींनी कोपराने ढोसलं. पीक आलं होतं, त्या म्हणाल्या, ते सरकारने नेलं. दुसरा मूकपट होता, क्रांतीच्या काळातला. गव्हाचं शेत इतका वेळ वाऱ्यावर हलत राहिलं, की मला डुलकी लागली, आणि जाग आली तेव्हाही ते हलतच होतं. तिसऱ्यात महायुद्ध होतं आणि एक नदी, जिच्यावरून माणसं दोन्ही दिशांना पळत होती. मी पडद्यावर काय चाललंय ते आजींच्या कानात सांगायची. "आता एक माणूस घरात शिरला. टोपी काढली. टोपीत अंडी आहेत." त्या मान हलवायच्या. संवाद त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत. चित्र मी द्यायची, आवाज त्यांचा. असा आम्हा दोघींचा मिळून एक प्रेक्षक होत असे.

हॉलमध्ये डाव्या बाजूला रशियन बोलणारे म्हातारे बसत, उजव्या बाजूला युक्रेनियन. हे कोणी ठरवलं नव्हतं. मध्ये आम्ही आणि दोन-तीन अमेरिकन, जे प्रश्न विचारत. सिनेमा संपला की चर्चा. चर्चा म्हणजे अशी :

"ते लग्नातलं गाणं आमच्याकडचं आहे," उजवीकडची एक बाई.

"आमच्याकडेही म्हणायचे," डावीकडचे एक गृहस्थ.

"म्हणायचे ना. आमच्याकडून नेऊन."

"बाई, मी ओडेसाचा आहे. युक्रेनचाच."

"मग इकडे या की बसायला! तिकडे काय करताय?"

सगळे हसले. गृहस्थ उठले नाहीत, पण पुढच्या शनिवारी एक खुर्ची आत सरकून बसलेले मी पाहिले.

*

मी एक मोठी चूक केली, ती दुसऱ्या आठवड्यात. तिची हकीकत सांगायला नाशिकला जावं लागेल.

मी वाढले नाशिकजवळ, विमानांच्या कारखान्याच्या वसाहतीत. तिथे सोव्हिएत इंजिनियर कुटुंबांसकट राहायला असायचे. महिन्यातून एकदा मैदानात दोन बांबूंमध्ये पांढरा पडदा लावून त्यांच्याकडचा सिनेमा दाखवत. पडद्याच्या दोन्ही बाजूंना माणसं बसत. मागच्यांना सगळं उलटं दिसे, सगळे डावखुरे. आणि पडद्याशेजारी माइक घेऊन एक काका उभे राहत. ते मॉस्कोला दोन वर्षं ट्रेनिंगला जाऊन आले होते. सिनेमातला माणूस बोलला, की काका मराठीत बोलत. बाई बोलली तरी काकाच बोलत. "आता ती म्हणते, मी तुझी वाट बघीन." "आता तो म्हणतो, वाट बघू नको, थंडी आहे." जे कळत नसे ते काका पदरचं घालत. एकदा एक सैनिक जखमी होऊन पडला आणि काही पुटपुटला, तर काका म्हणाले, "हा म्हणतो, आपल्या कँटीनची उसळ खाल्ल्यासारखं पोटात होतंय." अख्खं मैदान हसलं. पुढे बसलेले सोव्हिएत पाहुणे मागे वळून बघत राहिले, की यात हसण्यासारखं काय आहे.

ते काका आता शिकागोत मुलाकडे असतात, आमच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. मला वाटलं, आजी एकट्या असतात, काका रशियन बोलतात, दोघांना सोबत होईल. मी न विचारता काकांना आजींकडे घेऊन गेले. काकांनी डेव्हनवरून पेढे आणले होते. त्यांनी वाकून नमस्कार केला आणि अस्खलित रशियनमध्ये सुरुवात केली. आजी काही बोलेनात, तेव्हा त्यांना वाटलं ऐकू येत नसेल. मग आवाज चढवून एक कविता म्हटली, आणि तिच्या पाठोपाठ एक गाणंही.

आजी उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी नळ पूर्ण सोडला. गाणं संपेपर्यंत पाणी वाहत होतं. मग बाहेर येऊन त्या इंग्रजीत म्हणाल्या, "तुमचं रशियन फार छान आहे. माझ्या घरात ती भाषा तीन वर्षं बंद आहे."

पेढे त्यांनी ठेवून घेतले. आम्हाला नाही.

जिन्यात काका म्हणाले, "अगं, पण ते सगळे एकच ना?"

"काका, युद्ध चाललंय."

"ते झालंच. पण भाषेने काय केलंय?"

आत जाईपर्यंत मीही तेच धरून चालले होते. आमच्या वसाहतीत ते सगळे 'रशियन'. बाजारात मेथीची जुडी उलटून बघून परत ठेवणारी ती उंच बाई म्हणजे रशियन मॅडम. ती कीवची होती, मिन्स्कची होती का ताश्कंदची, हे तिला कोणी विचारलं? आम्ही तिला फक्त मेथीचा भाव विचारायला शिकवलं.

मी दुसऱ्या दिवशी खाली गेले आणि म्हणाले, माझं चुकलं. आजी म्हणाल्या, "तुझं काम चुका शोधायचं ना? मग." विषय तिथे संपला. पण काकांचं नाव परत निघालं नाही.

*

चौथा सिनेमा आत्ताचा होता. लोकांनी फोनवर घेतलेली चित्रं जोडून केलेला. एक तळघर, त्यात गाद्या, गादीवर मांजर, मांजराला समजावणारी एक मुलगी. आमच्यासारखंच तळघर होतं, खिडक्या छताला टेकलेल्या. त्या दिवशी फटीतून बूट गेले तेव्हा हॉलमधल्या दोन-तीन माणसांनी अंग आक्रसून घेतलेलं मला दिसलं. संपल्यावर चर्चा झाली नाही. ओडेसाच्या गृहस्थांनी सगळ्यांच्या खुर्च्या घडी करून भिंतीला लावल्या.

आणि त्यानंतरच्या मंगळवारी वाचनालयाच्या दारावर चिठ्ठी लागली : पाचवा सिनेमा रद्द. कारण मला काउंटरवरच्या तरुण ग्रंथपालबाईंनी सांगितलं. बऱ्याच जणांनी लिहून कळवलं होतं, की ज्या सोव्हिएत सरकारने गावं बुडवली त्याच सरकारने स्वतःची आरती ओवाळून घ्यायला काढलेला सिनेमा या दिवसांत कशाला दाखवता? धरण तर या युद्धात फुटलं, तळं वाहून गेलं, माणसं गेली. त्याच धरणाची स्तुती आता ऐकायची?

मी आजींना सांगितलं. मला वाटलं त्या चिडतील.

"बरोबर लिहिलंय लोकांनी," त्या म्हणाल्या. "मला विचारलं असतं तर मीही सही केली असती. घाण सिनेमा आहे. अख्खा खोटा. त्यात म्हणतात आम्ही आनंदाने गेलो." मग म्हणाल्या, "पण ती आहे ना त्यात."

त्यांच्या भाचीने फोनवर एक व्हिडिओ पाठवला होता, तो त्यांनी मला दाखवला. तळं गेल्यावर तळाचा चिखल उघडा पडला, आणि त्या चिखलातून विलोची झाडं उगवली, माणसापेक्षा उंच, दाट, क्षितिजापर्यंत. भाची त्यातून चालत होती आणि म्हणत होती, मावशी, तुमचं गाव इथेच कुठेतरी असणार. फोनमध्ये नुसती पानं हलत होती. आधी गाव, मग पाणी, मग जंगल. आजी फोन कानाला लावून पानांचा आवाज ऐकत बसल्या होत्या.

मी परत वाचनालयात गेले. सिनेमाची डिस्क एका विद्यापीठाकडून आली होती आणि शुक्रवारी परत जाणार होती. मी ग्रंथपालबाईंना म्हटलं, हॉल नको, जाहिरात नको, एक खोली आणि एक तास द्या. त्यांनी आधी 'पॉलिसी' म्हटलं. मग मी सगळं सांगितलं, जेवढं इथे लिहिलंय तेवढंच. त्यांनी चष्मा पुसला आणि गुरुवारी सकाळी दहाची छोटी खोली लिहून दिली. अकराला तिथे लहान मुलांची गोष्टीची वेळ असते, त्याआधी आवरायचं.

अडचण वेगळीच निघाली. बुधवारी मी डिस्क घरी आणून चालवून पाहिली. सिनेमात चार गावं होती, एकामागून एक, आणि चारही गावांतून बायका पहाटेच्या धुक्यात दारं-चौकटी वाहत होत्या. कोणतं गाव कोणतं, हे फक्त निवेदकाच्या बोलण्यातून कळत होतं. खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. निवेदक रशियन बोलत होता, जाड, तुपकट आवाजात, त्यातली नावं मला वेगळी काढता येत नव्हती, आणि गावातल्या बायका काही बोलत असल्या तर ते त्याने झाकून टाकलं होतं. मी पाच मिनिटं आजींना ऐकवलं. त्यांनी हात वर केला.

"बंद कर. हॉलमध्ये सगळ्यांत बसून ऐकलं असतं. आईच्या अंगावर तो आवाज मला नको."

"मग गाव कसं कळणार?"

"तो म्हातारा येईल का? तुझा. पेढेवाला."

मी काकांना फोन केला. आवाज बंद ठेवायचा, हेडफोन फक्त तुम्ही लावायचा, आणि निवेदकाने गावाचं नाव घेतलं की आम्हाला सांगायचं, असं समजावलं.

"येतो की," काका म्हणाले. "पण तिला चालेल ना?"

"तिनेच बोलावलंय. फक्त गाणं म्हणायचं नाही."

"अगं, मी काय रेडिओ आहे का?"

"आणि काका, पदरचं काही घालायचं नाही."

*

गुरुवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. खोलीत लहान मुलांच्या बुटक्या खुर्च्या होत्या, भिंतीवर कागदाचे हत्ती आणि छताला टांगलेले ढग. आजींसाठी मोठी खुर्ची आणली. काका हेडफोन लावून बसले, विमान चालवायला बसल्यासारखे. मी सिनेमा सुरू केला.

आवाज नसलेल्या सिनेमाला घाई नसते. नदी आली, रुंद, तिच्यावर ऊन. होड्या गेल्या. एक माणूस नकाशा दाखवत तोंड हलवत होता. मी आजींच्या कानात सांगत होते आणि माझा स्वतःचा आवाज मला लांबून येतोय असं वाटत होतं. बाहेर काउंटरवर कोणीतरी पुस्तकं परत करत होतं, त्यांचे धप्प आवाज येत होते.

"पहिलं गाव," काका म्हणाले. "हे नव्हे." थोड्या वेळाने : "दुसरं. हेही नव्हे." आणि मग ते ताठ बसले आणि त्यांनी गावाचं नाव घेतलं. आजींच्या गावाचं. मला ते इथे लिहायचं नाही.

धुकं होतं. धुक्यातून दारं चालत आली. आधी नुसती दारंच दिसली, उभी, एकामागून एक, जणू घरांना कंटाळून निघालेली. मग त्यांच्याखाली पाय दिसले, मग वाकलेले खांदे, मग रुमाल बांधलेली डोकी. मी मोजलं. सात बायका.

"बघतेय!" काका ओरडले, इंग्रजीत. "तिसरी! सरळ कॅमेऱ्याकडे बघतेय. हसतेय सुद्धा!"

मी बघितलं. तिसरी बाई आपल्या पायांकडे बघत होती.

"काका," मी मराठीत म्हटलं, "काय सांगितलं होतं मी?"

"अगं, तिला कुठे दिसतंय? घेऊ दे की समाधान. मला पाप लागलं तर लागू दे."

"काय म्हणतोय तो?" आजींनी विचारलं.

त्या माझ्या कानाकडे बघत होत्या. मला एका क्षणात सगळं सोपं करता आलं असतं. हो, बघतेय, हसतेय, असं म्हटलं असतं तर आम्ही अकराच्या आत घरी गेलो असतो, आणि त्यांना आयुष्यभर पुरलं असतं. पण ज्या सिनेमाने त्यांच्या आईला एकदा खोट्यात उभं केलं होतं, त्यात मी आणखी एक वाक्य घालणार नव्हते.

"काका म्हणतात तिसरी बघतेय," मी म्हणाले. "मला तसं दिसत नाही. सात बायका आहेत. एकही कॅमेऱ्याकडे बघत नाही."

काकांनी मान खाली घातली.

मग मी मला जे येतं ते केलं. चित्र थांबवून एकेक बाई पडद्यावर मोठी केली आणि सांगत गेले. पहिली : नाक बसकं, हनुवटी रुंद. दुसरी : तरुण, वीसेक वर्षांची. आजी उठून पडद्याला नाक लावून उभ्या राहिल्या. चौथ्या बाईपर्यंत मी आले तेव्हा त्या म्हणाल्या, "थांबवू नकोस गं. थांबलेलं मला दिसत नाही. मला नुसती राखाडी भिंत दिसते. बस येताना दिसते मला, स्टॉपचा खांब दिसत नाही."

इतकी वर्षं मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेते, आणि ही साधी गोष्ट मी विचारली नव्हती.

मी त्यांची खुर्ची पडद्यापासून मागे नेली आणि आडवी फिरवली, कागदी हत्तींच्या भिंतीकडे तोंड करून. "हत्तीकडे बघा," मी म्हणाले. "पडद्याकडे अजिबात बघू नका." आणि प्रसंग पहिल्यापासून चालू केला. थांबवला नाही. संपला की परत. दारं धुक्यातून येत राहिली, गेली, परत आली. चौथ्यांदा की पाचव्यांदा मला दिसलं, की बायका सात नव्हत्या. सातवी पुढे गेल्यावर कॅमेरा वळायला लागतो, आणि वळता वळता कडेला आणखी एक बाई येते. कॅमेऱ्याच्या जवळूनच निघालेली, त्यामुळे फक्त पाठ, पाठीवर दार. पाच-सहा पावलं, मग ती धुक्यात जाते. तिचा डावा पाय बाहेर पडत होता आणि प्रत्येक पावलाला उजवा खांदा किंचित खाली जात होता. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ असतो तेव्हा मी आजींच्या मागे चालते, पडल्या तर धरायला. ती चाल मला पाठ आहे.

काकांनाही दिसलं असावं. त्यांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला, आणि त्यांनी ते मिटलं.

परत धुकं. परत सात दारं.

"ती," आजी हत्तीकडे बघत म्हणाल्या.

"कोणती?"

"कडेची. शेवटी. पाठ करून चाललीय ती." त्यांनी हवेत बोट धरलं होतं आणि पडद्यावरच्या पाठीबरोबर ते सरकत होतं, अचूक.

मी म्हटलं, "हो. आठवी."

काकांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. आजी पुन्हा पुन्हा बघत राहिल्या, मी पुन्हा पुन्हा लावत राहिले. मग माझा स्वभाव मला गप्प बसू देईना.

"पण तुम्ही तर म्हणाला होता, त्यांनी कॅमेऱ्याकडे बघितलं."

हत्तीकडे बघत त्या कुठेतरी निघून गेल्या होत्या, आणि मला घाई करावीशी वाटली नाही.

"मी तिथेच होते ना," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यापाशी. मला दोनदा हाकललं होतं, मी परत येऊन त्याच्या स्टँडच्या तीन पायांतल्या एकाला धरून उभी होते. ती दार घेऊन माझ्या अगदी जवळून गेली. जाताना बघितलं तिने, माझ्याकडे. मग वळली." मग म्हणाल्या, "ते सिनेमावाल्यांकडे नाहीच आहे. त्यांना ते घेताच आलं नाही."

दारावर टकटक झाली. बाहेर मुलांचे आवाज येत होते, बूट काढल्याचे, कोणाला तरी आई हवी असल्याचे. ग्रंथपालबाईंचं डोकं काचेतून दिसलं.

"अकरा वाजलेत का?" आजींनी विचारलं. "सांग तिला, अजून दहा मिनिटं."

मी दार किलकिलं केलं आणि वीस सांगितली.